जीप तीन वाजेपर्यंत उभी होती

मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी तारेने ओढून बाहेर काढतात. ते काम मी स्वतः एकदाही केलेलं नाही. ते नागपूरला होतं. त्यासाठी वेगळं शिकलेले डॉक्टर असतात, वेगळी यंत्रं असतात. मी ब्रह्मपुरीकडच्या भागात एका ट्रस्टच्या दवाखान्यात फिजिशियन होतो. पेशंट बघायचा, स्कॅन काढायचा आणि ज्याचं भलं होण्यासारखं आहे त्याला ताबडतोब पुढे पाठवायचा, एवढंच माझं काम. ऐकायला ते सोपं वाटतं. पण लकव्याच्या बाबतीत पेशंटचं अर्धं आयुष्य या पाठवणाऱ्याच्या हातात असतं, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. हा लेख लिहायचं कारण तेच.

संपादकांना हलकंफुलकं काही हवं होतं. "सर, तुमच्याकडे जंगलातल्या पेशंटचे किस्से असतीलच," ते म्हणाले. आहेत. कोणता साप चावला ते डॉक्टरांना कळावं म्हणून जिवंत साप डब्यात घालून आणणारा गृहस्थ माझ्याकडे आला होता. डब्याचं झाकण सैल होतं आणि ओपीडी अर्ध्या मिनिटात रिकामी झाली. असे बरेच सांगता येतील. पण मी आता त्र्याहत्तर वर्षांचा आहे, आणि लिहायला बसलो की मला एकच जीप दिसते. तेव्हा संपादकांनी क्षमा करावी.

लकवा म्हणजे काय ते आधी सांगतो. आमच्याकडे लोक म्हणतात, "हवा लागली." अंगावरून वारं गेलं आणि एक बाजू मेली. वाऱ्याचा त्यात काही संबंध नसतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्यांपैकी एखादी फुटते किंवा बुजते. फुटली तर तो वेगळा विषय. बुजली तर ज्या भागाला ते रक्त जात होतं तो उपाशी राहतो आणि मिनिटामिनिटाने मरत जातो. मेलेला भाग परत येत नाही. मात्र त्याच्या आजूबाजूचा बराच भाग काही तास तग धरून असतो. पाणी तुटलेल्या बांधीतलं, म्हणजे भातखाचरातलं, धान एकाएकी वाळत नाही, आधी पिवळं पडतं, तसं. तेवढ्यात पाणी आलं तर ते वाचतं.

पाणी आणायचे दोन मार्ग आहेत. पहिला, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि मोठी नळी बुजली असेल तर पुष्कळदा ते पुरत नाही. दुसरा मार्ग तारेचा. जांघेतल्या धमनीतून एक लांब, बारीक नळी आत सरकवतात आणि पडद्यावर बघत बघत छातीतून, मानेतून वर मेंदूपर्यंत नेतात. तिच्यातून एक तार गुठळीच्या पार जाते. तारेच्या टोकाला मिटलेली जाळी असते. ती तिथे उघडली की गुठळीत रुतते. काही मिनिटं थांबायचं, आणि जाळीसकट सगळं मागे ओढून घ्यायचं. विहिरीत पडलेली बादली काढायला गळ सोडतात, तसाच हा प्रकार. काही डॉक्टर नळीनेच गुठळी शोषून घेतात, काही दोन्ही एकदम करतात. याला साधारण सहा तासांची मर्यादा मानतात. मी सांगतोय त्या सुमारास नवीन माहिती आली होती, की स्कॅनमध्ये मेंदूचा पुरेसा भाग जिवंत दिसला तर निवडक पेशंटना चोवीस तासांपर्यंतही फायदा होऊ शकतो.

म्हणून पाठवणाऱ्या डॉक्टरचा पहिला प्रश्न "काय होतंय" हा नसतो. तो असतो, "याला शेवटचा धड कधी पाहिला?"

या प्रश्नाचं सर्वांत चोख उत्तर मला एका एसटीच्या ड्रायव्हरने दिलं. वडसा गाडीवर शेंडे नावाचे कंडक्टर होते. चालू गाडीत तिकीट देताना त्यांचा हात खाली पडला आणि जीभ जड झाली. ड्रायव्हरने गाडी वळवली आणि भरलेल्या गाडीसकट आमच्या फाटकात आणून उभी केली. मी विचारलं, "किती वाजता झालं?" त्याने शेंड्यांच्या गळ्यातलं तिकिटाचं मशीन काढून माझ्यासमोर धरलं.

"मले काऊन विचारता, साहेब? या मशीनले विचारा. शेवटच्या तिकिटावर टाइम आहे."

अकरा वाजून अडतीस मिनिटं. अशी वेळ मला त्याआधी मिळाली नव्हती, नंतरही नाही. व्हरांड्यात प्रवाशांचा गलका चालू होता. एक जण पोरगी पाहायला निघाला होता, डोक्याला तेल, नवा शर्ट. तो ड्रायव्हरच्या मागेच लागला. "भाऊ, बाराची बोलणी आहे. पाहुणे वाट पाहून राह्यले."

"पोरगी कुठी पळून नाई जात," ड्रायव्हर म्हणाला. "अन् पळून गेली तं समज वाचला. बस गुमान."

शेंड्यांना इंजेक्शन दिलं, नागपूरला फोन केला, अॅम्ब्युलन्समध्ये घातलं. संध्याकाळी तिथल्या डॉक्टरांनी माझ्या फोनवर फोटो पाठवला. पांढऱ्या जाळीच्या कापडावर काढून ठेवलेली गुठळी होती, काळपट लाल, बांधीत पायाला चिकटणाऱ्या जळूच्या पिल्लाएवढी. एवढ्याशा गोष्टीने माणूस आडवा पडतो. चौथ्या दिवशी शेंडे चालले. दोन महिन्यांनी मिठाई घेऊन आले. मी विचारलं, काही त्रास? म्हणाले, "मले काई नाई साहेब. बायको म्हणते, आता लई बोलतो, थोडं कमी करून भेटन का डाक्टरले विचारा."

तो फोटो मी भेटेल त्याला दाखवत असे. अभिमान वाटण्यासारखंच काम होतं. पण त्याने मला एक वाईट सवय लावली. कोण वेळेत आला आणि कोण उशिरा, हे मला नुसतं बघून कळतं, असं मला वाटायला लागलं.

आता शिक्क्याबद्दल सांगायला हवं. आमच्या दवाखान्यात एकदा एक पेशंट दगावला आणि नातेवाईकांनी काचा फोडल्या. "आमाले कोणी सांगतलंच नाई, पुढं नेलं असतं," असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर व्यवस्थापनाने एक रबरी शिक्का करून घेतला: 'नातेवाईकांना रुग्णाच्या परिस्थितीची पूर्ण कल्पना दिली आहे. पुढील केंद्रात नेण्यास नातेवाईकांचा नकार.' गंभीर पेशंट आमच्याकडेच राहिला की त्याच्या केसपेपरवर हा शिक्का बसायचा. पद्धत अशी पडली, की भरतीच्या वेळीच खाली नातेवाईकाची सही किंवा अंगठा घ्यायचा, वर जागा कोरी सोडायची, आणि शिक्का नंतर सवडीने मारायचा. त्याखाली डॉक्टरची सही. आम्ही कोणीही याला खोटं म्हणत नव्हतो. कुलूप लावण्यासारखी ती एक सवय होती. त्या वाक्यात एका माणसाने नकार दिल्याचं लिहिलेलं असतं आणि तो माणूस हाडामांसाचा असतो, हे माझ्या मनात कधी आलं नाही.

शेंड्यांनंतरचाच उन्हाळा. मोहफुलं वेचायचे दिवस. दुपारी सव्वाबाराला एक जीप आली. कुरखेड्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावातून बाजीराव उसेंडी नावाच्या बावन्न वर्षांच्या माणसाला आणलं होतं. सोबत त्याची सून रंजना, पंचविशीची, एकटीच. नवरा देवराव मिरची तोडायला तेलंगणात गेला होता. त्या महिन्यात त्या गावांतले बहुतेक तरणे तिकडेच असतात.

बाजीरावचा उजवा हात आणि पाय लुळा पडला होता. तोंड डावीकडे ओढलेलं, नजरही डावीकडे. बोलणं पूर्ण बंद. मी चादर बाजूला केली आणि मला वास आला. मोहाच्या बियांच्या तेलाचा. उजव्या खांद्यापासून कोपरापर्यंत तेल चोपडलेलं होतं आणि खांद्यावर शेकलेलं पान फडक्याने बांधलेलं होतं.

त्या भागात बरीच वर्षं काढलेल्या डॉक्टरला हे दिसलं की पुढची गोष्ट आपोआप दिसते. पहाटे माणूस पडला. घरच्यांनी वैदूकडे नेला. त्याने चोळलं, पान बांधलं, थांबा म्हणाला. उतार पडला नाही तेव्हा आमच्याकडे आणला. अशी माणसं मी शेकड्यांनी पाहिली होती, आणि त्यांच्यावर ओरडलोही होतो.

शेवटचा धड कधी पाहिला, हा प्रश्न मी रंजनाला विचारला नाही. मी विचारलं, "कोणत्या वैदूकडे नेलं होतं?"

"कुठीच नाई, साहेब. सीधे इथंच आणलं."

हे उत्तरसुद्धा मी शेकडो वेळा ऐकलेलं होतं. वैदूकडे गेलो म्हटलं की डॉक्टर ओरडतो, म्हणून लोक लपवतात. ओरडून ओरडून लपवायला आम्हीच शिकवलं होतं. मी तिच्याकडे न बघता केसपेपरवर लिहिलं: 'पहाटेपासून लकवा. गावठी उपचार करून उशिरा दाखल.'

स्कॅन काढला. रक्तस्राव नव्हता. डाव्या बाजूच्या मोठ्या नळीच्या जागी एक पांढरी रेघ होती. अडकलेली गुठळी साध्या स्कॅनमध्ये कधीकधी अशी दिसते. बाकी मेंदू जवळजवळ स्वच्छ होता. एवढी मोठी नळी पहाटे बुजली असती तर दुपारपर्यंत तो भाग काळवंडायला, फुगायला लागला असता. म्हणजे स्कॅन मला सांगत होता, की हे ताजं आहे. ते मी पाहिलं. पाहिलं नाही असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्या नाकात तेलाचा वास होता आणि कागदावर 'पहाटेपासून' लिहून झालं होतं. मी त्या वासावर विश्वास ठेवला.

आणि समजा पहाटेचा अंदाज खरा असता, तरी नागपूरला फोन करून स्कॅन दाखवणं माझं काम होतं. चोवीस तासांचं मला माहीत होतं. एक फोन. तो मी केला नाही. एकटी बाई, नवरा परमुलखात, हिला नागपूर कसं झेपणार, हेही मी तिच्या वतीने ठरवून टाकलं.

व्हरांड्यात रंजना उभी होती. जीपवाला बंडू तिच्याजवळ.

"साहेब, पुढं न्याचं असन तं सांगा," ती म्हणाली. "जीप उभी आहे."

"नागपूर ना, साहेब?" बंडू म्हणाला. "मी डिझल भरून आणतो. बाजाराचे लोक उतरवून देल्ले, गाडी खाली आहे."

"घाई करू नका," मी म्हणालो. "इथंच बघू."

सिस्टरने कागद पुढे केला. रंजनाने विचारलं, "कायची सही?" मी म्हणालो, "भरतीची." तिने सावकाश, शाळेतल्या अक्षरात सही केली. वर जागा कोरी होती.

बंडू लगेच गेला नाही. तो जेवला, जीपखाली चटई टाकून पडला, मधून मधून येऊन दारातून बघून जायचा. तीन वाजता मीच त्याला म्हणालो, "तू जा बाबा, आता काही नाही." सव्वाबाराला निघाला असता तर तीनपर्यंत तो नागपूरच्या दारात असता.

संध्याकाळी शिक्का बसला. त्याखाली मी सही केली. अकरा दिवसांनी बाजीरावला घरी पाठवलं, नाकात नळी, उजवी बाजू गेलेली. शब्द एकही नाही. मी त्याला विसरलो. असे पुष्कळ होते.

तो सहा वर्षं जगला.

मी नंतर निवृत्त होऊन भद्रावतीला राहायला आलो. गेल्या वर्षी एका सकाळी रंजना माझ्या दारात उभी राहिली. दोन गाड्या बदलून, विचारत विचारत आली होती. मी ओळखलं नाही. तिने नाव सांगितलं, तरी नाही. मग ती म्हणाली, "बंडूची जीप उभी होती, तुमाले आठवते का?" आणि मला ते तेलाच्या वासासकट आठवलं.

माझ्या बायकोने तिला पाणी दिलं. ती खाली बसली. खुर्चीवर बस म्हटलं तर म्हणाली, इथंच बरं आहे.

देवराव तेलंगणातून परत आला तेव्हा बापाची अवस्था बघून त्याला नागपूरला घेऊन गेला होता. तिथल्या डॉक्टरने आमच्या फाइलची प्रत चाळली आणि सहज म्हणाला, की वेळेत आणलं असतं तर गुठळी काढायचा प्रयत्न करता आला असता, पण इथे तर लिहिलंय, नातेवाईकांनी पुढे न्यायला नकार दिला. खाली सही आहे. देवरावने सही ओळखली.

त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतं बोलायचा. त्याची मोठी बहीण सुमन जवळच्याच गावात दिलेली. ती आली की अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची. सासऱ्याला चमच्याने भरवणं, कूस बदलणं, धुणं, सगळं रंजनानेच केलं, सहा वर्षं. लोक म्हणायचे, पाप फेडून राह्यली. आणि बाजीरावचा जीव जाताना ती चमच्याने पाणी पाजायला पुढे झाली, तर सुमनने तिचा हात धरला. "जिनं नेऊ देल्लं नाई, तिनं माह्या बापाले पाणी नाई पाजाचं."

हे सगळं तिने न रडता सांगितलं. मग म्हणाली, "साहेब, मी एकच विचाराले आली. मी नाई म्हणली होती का?"

मी तोंड उघडायच्या आत तीच पुढे म्हणाली,

"सगळे म्हणतात, कागदावर आहे. इतके वर्ष ऐकून ऐकून आता मलेच वाटते, का म्हणली असन मी. घाबरली होती ना. मले आठवते तं मी म्हणली, पुढं न्या. पण आठवणीचं काय खरं? तुमी होते तिथं. तुमी सांगा."

मी तिला वेळ विचारली. सात वर्षांनी. ती म्हणाली, "दहा. बाजाराची जीप दहाले निघते गावातून. मामाजीनं मोहफुलाची टोपली उतरवली, आंबील पेले, अन् फुलं वाळू घालता घालता लवंडले. जीप चौकातच होती. तसंच तिच्यात टाकलं न् आणलं. कुरखेड्याच्या दवाखान्यात बीपी पाहून त्यायनं पाच मिनिटांत पुढं धाडलं."

"आणि ते तेल?"

"तेल? ते तं रोजच लावत सकाळी, अन् पान शेकून बांधत. कावड वाहून वाहून खांदा धरला होता त्यायचा."

दहा आणि सव्वाबारा. इंजेक्शनलाही वेळ होता, तारेलाही. त्या बाईने एक मिनिट वाया घालवलं नव्हतं. माझ्या सगळ्या नोकरीत, तिकिटाचं मशीन सोडलं तर, तिच्याइतक्या वेळेवर पेशंट कोणी आणलेला नव्हता.

आणि मी तिला काय उत्तर दिलं? मी म्हणालो, "बाई, कागदावर जे असतं ते त्या वेळी विचारूनच लिहिलेलं असतं."

ती "बरं" म्हणाली आणि पदर सावरून उठली. माझी बायको तिला जेवून जा म्हणत होती. ती थांबली नाही.

पहिली चूक घाईत झाली, असं स्वतःला समजावता येतं. ही दुसरी माझ्या घरात झाली, पंख्याखाली, सगळं माहीत असताना. या वयात कोण चौकशी लावतंय, या भीतीने. माझे वडील माजरीला कोळशाच्या खाणीत होते. आम्ही बौद्ध, घरात पहिला शिकलेला मी. वडील गेल्यावर खाणीच्या ऑफिसात एका कागदावर आईचा अंगठा घेतला होता आणि त्यात काय लिहिलंय हे तिला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. मी तेव्हा नववीत होतो. ते मी आयुष्यभर भाषणांत सांगत आलो. शिकलेल्या माणसाने कागद कसा वापरू नये, याचं उदाहरण म्हणून.

महिनाभर मला नीट जेवण गेलं नाही. मग मी जुन्या दवाखान्यात गेलो. ओळखीने मूळ फाइल निघाली. फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. पांढरी रेघ तिथेच होती. मेंदू स्वच्छ. शिक्का जरा तिरपा बसला होता, आणि त्याची खालची ओळ तिच्या सहीच्या पहिल्या अक्षरावर चढली होती. नीट पाहिलं की दिसत होतं, सही आधीची आहे.

या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी त्यांच्या गावाला गेलो. आधी जायला हवं होतं. महिने असेच घालवले, कधी गुडघ्याचं कारण, कधी उन्हाचं. सगळे बांधीत होते. मी अंगणात बसून राहिलो. दुपारी जेवायला आले, पोटऱ्यांपर्यंत चिखल. सुमन रोवणीला माहेरी आली होती. मी कोण ते सांगितल्यावर ती देवरावशी गोंडीत काहीतरी बोलली. रंजना दाराच्या चौकटीत उभी राहिली.

मी पाठ करून आलो होतो, ते सगळं विसरलो. देवरावला एवढंच म्हणालो, "तुझ्या बायकोने नाही म्हटलं नव्हतं. ती न्या म्हणत होती. मी थांबवलं. कागदावरचं वाक्य खोटं आहे, आणि त्याखालची सही माझी आहे."

देवरावने हात धुतले नव्हते. तो बोटांवरचा चिखल बघत होता.

"जीप होती?"

"होती."

"किती वेळ?"

"तीन वाजेपर्यंत."

"नेलं असतं तं बुढा बोलला असता?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो. "काही जणांची गुठळी निघूनही फायदा होत नाही. काही जणांची निघतच नाही. पण वेळ होती. ती तुझ्या बायकोने नाही घालवली, मी घालवली."

सुमन माझ्या समोर येऊन उभी राहिली. "सहा वर्ष मी हिले वाट्टेल ते बोलली," ती म्हणाली. "मरतानी पाणी नाई पाजू देल्लं. अन् तुमी आता सांगाले येता? इतके दिवस कुठी होते तुमी?"

देवराव उठला आणि न जेवता बांधीकडे चालता झाला. सुमनने भाकरीचं फडकं उचललं आणि त्याच्या मागे गेली. रंजनाकडे दोघांपैकी कोणीही पाहिलं नाही. मी कल्पना केली होती, की मी खरं सांगितलं की काहीतरी मोकळं होईल. तसं झालं नाही. खोट्याच्या भरवशावर त्यांनी सहा वर्षं एका माणसाला छळलं होतं, आणि ते ओझं मी आता त्यांच्या डोक्यावर ठेवून दिलं होतं.

मी रंजनाची माफी मागायला लागलो. तिने हाताने थांबवलं.

"माफी नोको मले. लिहून द्या. तोंडाचं कोणी धरत नाई."

तिने पोराच्या वहीचा कागद फाडून आणला. मी लिहिलं, वेळेसकट, जीपसकट, स्कॅनसकट. तिने तो उभ्यानेच वाचला, एकेका शब्दावर बोट ठेवून. पूर्ण होईपर्यंत मी बसून होतो. मग म्हणाली, "आता सही करा," आणि मी सही करत असताना माझ्या हाताकडे बघत राहिली.

निघताना मी तिला सांगितलं, की हे सगळं दिवाळी अंकात लिहिणार आहे, दवाखान्याने काही कारवाई केली तर करू दे. काळजी करू नको, म्हणालो, तुमची नावं बदलून टाकीन.

"बदललं तं कोणाले कळन, मी नाई म्हणली नव्हती?" ती म्हणाली. "त्या कागदावर माझंच नाव आहे ना?"

म्हणून नाव बदललेलं नाही. रंजना देवराव उसेंडी हिने आपल्या सासऱ्याला पुढे नेण्यास नकार दिला नव्हता. तिने दोन तास पंधरा मिनिटांत त्यांना माझ्यासमोर आणलं, आणि पुढे नेऊ का म्हणून विचारलं. नको मी म्हणालो होतो.